एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करायची असेल तर अशी लॅब शोधा (४.५ स्टार)

आमच्या एरियातली छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे, ब्रँडवाली नाही, पण लिव्हरच्या टेस्टसाठी मी आता सगळ्यांना हीच सांगते. भावाने आधी एका ॲपवरून फुल बॉडी पॅकेज केलेलं, त्यात लिव्हरची म्हणून तपासतात ती एन्झाइम्स, एसजीओटी ७८ आणि एसजीपीटी ५२, दोन्ही वाढलेली म्हणून लाल रंगात, खाली 'डॉक्टरांना भेटा' आणि विषय संपला. आई इतकी घाबरली की त्याच रात्री त्याचं तेलतूप बंद.

इथल्या मॅडम स्वतः एमडी पॅथॉलॉजी. रिपोर्ट बघून पहिलाच प्रश्न, जिम लावलीय का? नवीनच लावलेली आणि आदल्या दिवशी पायांचा जबरी व्यायाम झालेला. मग पेनाने एसजीओटीला गोल करून म्हणाल्या, हे लिव्हरमध्ये असतं तसं स्नायूंमध्येही असतं, एसजीपीटी त्यामानाने लिव्हरचं जास्त. दारूचंही सरळ विचारलं कारण दारूनेही एसजीओटी एसजीपीटीच्या वर जातं, पण तेव्हा जीजीटी (लिव्हरचं आणखी एक एन्झाइम) बहुतेक वाढलेलं असतं, ह्याचं नॉर्मल होतं आणि हा पीतही नाही. सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) करायला सांगितलं, ते चांगलंच वाढलेलं निघालं. व्यायाम थांबवून नंतर परत एलएफटी केली तर सगळं नॉर्मल!!

बाबांचं नेमकं उलटं, एसजीपीटी नॉर्मल पण सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. तेव्हा मॅडमनी शांतपणे समजावलं की ही एन्झाइम्स पेशींना इजा झाली की रक्तात उतरतात, ती नॉर्मल आली म्हणून लिव्हरवर चरबी नाही असं होत नाही, आणि लिव्हर काम कसं करतंय ते बघायला अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट) लागतं. पीटी-आयएनआर बऱ्याच एलएफटी पॅकेजमध्ये नसतंच, बुक करताना विचारून घ्या.

अजून एक आवडलं, रक्त घेण्याआधी चालू गोळ्या विचारतात आणि काढे, गुळवेल, जिमची पावडर हेही लिहून घेतात. आपल्याकडे आयुर्वेदिक आहे म्हणून लोक सांगतच नाहीत, पण त्यानेही लिव्हरला त्रास होऊ शकतो.

अर्धा स्टार कापला कारण सकाळी रक्त घ्यायला एकच मुलगा, लाइन जिन्यापर्यंत येते, फोन तर कोणी उचलतच नाही. मॅडम संध्याकाळीच भेटतात, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मागवू नका, स्वतः जाऊन घ्या.