ब्ल्यूबेरी की जांभूळ : इंदूरच्या घरासाठी काय घ्यावे?

घरात कोणाची साखर वाढली की 'ब्ल्यूबेरी सुरू करा' असा सल्ला हल्ली आमच्या रामबागेतही ऐकू येतो. 125 ग्रॅमच्या त्या महाग डबीला हात घालण्यापूर्वी तिची ठेल्यावरच्या जांभळाशी तुलना अवश्य करावी.

ब्ल्यूबेरी मूळची उत्तर अमेरिकेतली. हे रानफळ एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी न्यू जर्सीत लागवडीखाली आणले आणि 1916 मध्ये त्याचे पहिले पीक विक्रीस गेले. 100 ग्रॅम ब्ल्यूबेरीत सुमारे 57 कॅलरी आणि 10 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, तर तितक्याच जांभळात सुमारे 60 कॅलरी आणि 14 मिलिग्रॅम. दोन्हींचा गडद रंग अँथोसायनिन या द्रव्यांचा आहे. त्यामुळे केवळ पोषणासाठी परदेशी फळ घ्यावे, असे मला वाटत नाही. माणसांवरचे अभ्यास मात्र ब्ल्यूबेरीवर कितीतरी अधिक झाले आहेत. जांभळाच्या बियांचे चूर्ण परंपरेने मधुमेहात देतात. तरीही त्याच्या भरवशावर डॉक्टरांचे औषध कोणीही बंद करू नये.

खरा फरक स्वयंपाकघरात पडतो. ब्ल्यूबेरी बी न काढता अख्खी वापरता येते. साखर आणि लिंबाच्या रसासह मंद आचेवर ठेवली की साली तडकतात, रस दाटतो आणि पूर्ण गार झाल्यावर तो चक्क्यात घातला तर श्रीखंड सैल होत नाही. केकमध्ये खायचा सोडा जास्त पडला, तर याच फळाभोवती हिरवट-करडी वलये उमटतात, म्हणून प्रमाण जपावे. जांभळाचा गर पातळ आणि तुरट असल्याने श्रीखंडात तो मला कधीच रुचला नाही. पण चाळणीवर चोळून काढलेल्या गरात काळे मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थंड पाणी घातले, की त्या सरबताची सर ब्ल्यूबेरीला येत नाही.

जांभूळ एक-दोन दिवसांत उतरते. ब्ल्यूबेरी न धुता फ्रीजमध्ये ठेवली तर आठवडाभर टिकते. लहान मुलांना जांभूळ बी काढूनच द्यावे, आणि ब्ल्यूबेरीही चिरून द्यावी.

जून-जुलैत निःशंकपणे जांभूळच घ्यावे. एरवी केक किंवा श्रीखंडासाठी गोठवलेली ब्ल्यूबेरी ताजीपेक्षा परवडते आणि गुणांतही फारशी उणी नसते. सुकवलेली घेताना मात्र पाकिटावर वरून घातलेल्या साखरेची नोंद आधी वाचावी.