‘फुल अपग्रेड’ हॉर्नेटच्या नावाखाली माझी फसवणूक: आरसी बग्गी घेणाऱ्यांनी जरूर वाचा

जुन्या रिमोटच्या बग्ग्यांची नव्याने काढलेली किटं (सुटे भाग जोडून स्वतः बांधायची) घेणारे हौशी लोक आपल्याकडे वाढलेत. त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेलेही वाढलेत. मला टामियाची हॉर्नेट २८,००० रुपयांना ‘नवी, बांधून तयार, फुल अपग्रेड’ म्हणून विकली गेली. प्रत्यक्षात हातात आली ती झिजलेल्या गिअरची, कापलेल्या चॅसिसची, खोट्या लेबलांची गाडी. विकणाऱ्याचं नाव मी इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण त्याची पद्धत सगळ्यांना कळलीच पाहिजे, कारण तो माणूस अजून विकतोय.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जपानमधल्या शिझुओकाच्या टामिया कंपनीने हॉर्नेट १९८४ साली काढली, किट क्रमांक ५८०४५. काळी पॉलिकार्बोनेटची बॉडी, पुढे सरळ रेघांचे बारीक टायर, मागे काटेरी जाड टायर. टामियाच्याच त्या वर्षीच्या ग्रासहॉपर बग्गीत छोट्या, ३८० मापाची मोटर होती, हिच्यात थेट मोठी ५४०. मागचा गिअरबॉक्स मोटरसकट एकाच तुकड्यात वर-खाली होतो, त्यामुळे खडबडीत जमिनीवर ही गाडी मागून उड्या मारत पळते, आणि नेमकं तेच लोकांना आवडतं. २००४ साली टामियाने ती पुन्हा बाजारात आणली, तेव्हा क्रमांक ५८३३६ झाला. या दुसऱ्या आवृत्तीमुळे सुटे भाग मिळू लागले आणि चाळीस वर्षांपूर्वीची गाडी आज मातीत पळवता येते. याबद्दल मला खरोखर कृतज्ञता वाटते. म्हणूनच या गाडीच्या नावावर चाललेला धंदा बघून जीव तुटतो.

जाहिरातीत लिहिलं होतं: ५८३३६, किट नवं, मी स्वतः बांधलंय, मातीत एकदाही चालवलेलं नाही. सगळीकडे बेअरिंग, चारही बाजूंना ॲल्युमिनियमचे ऑइल शॉक (तेल भरलेले शॉक ॲब्सॉर्बर), १३.५ टर्नची (म्हणजे तारेच्या तेवढ्या वेढ्यांची) सेन्सरवाली ब्रशलेस मोटर, नवा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर), ५२०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. फोटो झकास होते. माणूस बोलायला गोड. “दादा, एवढा खर्च मी स्वतःसाठी केला होता, आता बदली झालीय म्हणून काढतोय. तुम्ही डोळे झाकून घ्या.” मी डोळे झाकले नाहीत, व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. त्याने लगेच लावला. चाकाला टिचकी मारली, चाक कितीतरी वेळ गरगरत राहिलं. “बघा, बेअरिंगचा कमाल!”

फिरवून दाखवलं ते चाक पुढचं होतं, हे लक्षात ठेवा. हॉर्नेटची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. पुढची चाकं नुसत्या दांड्यावर मोकळी फिरतात, त्यांच्यात दोन चांगली बेअरिंग टाकली की ती तशी फिरणारच. गिअरबॉक्समध्ये काय आहे हे त्यावरून काहीच कळत नाही, आणि गाडीचा जीव तर गिअरबॉक्समध्ये असतो.

खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ मी घेतला. पहिली शंका आली ती स्क्रूंमुळे. टामियाचे स्क्रू जपानी जेआयएस मापाच्या फुलीचे असतात. आपला नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, थोडा वर सरकतो आणि खाच खातो. एकदाच, योग्य पान्याने कसलेल्या स्क्रूची फुली धारदार दिसते. माझ्या गाडीच्या तळाच्या जवळजवळ सगळ्या स्क्रूंच्या फुल्या गोल झाल्या होत्या. दोन स्क्रू तर प्लास्टिकमध्ये पकडच घेत नव्हते, नुसते फिरत होते. हे स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा उघडलं की भोक सैल होतं. म्हणजे ही गाडी कितीदा तरी खोललेली होती.

मग मी गिअरबॉक्स उघडला. मागची चाकं काढल्यावर दोन्ही बाजूंना चकचकीत बेअरिंग दिसत होती, निळ्या सीलची. टामियाच्या बऱ्याच गाड्यांत ११ बाय ५ मिलिमीटरचं बेअरिंग लागतं, ते काही महाग नसतं. गिअरबॉक्सचे दोन भाग वेगळे केले तर आतल्या एकाही जागी बेअरिंग नव्हतं. जुने प्लास्टिकचे बुश (बेअरिंगऐवजी बसवायच्या साध्या कड्या) होते, त्यातला एक शाफ्टच्या भाराने लंबगोल झालेला. बाहेरून दिसणाऱ्या जागी बेअरिंग, न दिसणाऱ्या जागी बुश. गिअरवर भरपूर ताजं पांढरं ग्रीस थापलेलं होतं. ते कापडाने पुसलं तर खाली काळपट जुनं ग्रीस, आणि त्यात वाळू. बोटात घेऊन चोळली की करकर लागत होती. मोठ्या गिअरचे दात एका बाजूने धारदार झालेले, डिफरन्शियलच्या (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाच्या) छोट्या गिअरचा एक दात अर्धा तुटलेला. ‘मातीत एकदाही न चाललेली’ गाडी ही.

दात का गेले ते मोटर काढल्यावर कळलं. मोटरवर १३.५ टर्नचं छान छापील लेबल होतं. पण सेन्सरवाल्या मोटरला मागे सेन्सरच्या बारीक वायरींसाठी एक छोटा सॉकेट असतो. या मोटरला तो नव्हताच. लेबलाची कड नखाने उचलली तर खाली दुसरं लेबल निघालं: ३६५०, ३९००केव्ही. ३६५० म्हणजे ३६ मिलिमीटर व्यास, ५० लांबी, नेहमीचंच माप. केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे. ७.४ व्होल्टच्या लिपोवर हिशेब करा, जवळपास २९,००० फेरे होतात, तेही काही भार नसताना. किटसोबतची साधी ५४० मोटर ७.२ व्होल्टवर याच्या साधारण निम्म्या वेगाने फिरते. १९८४ च्या आराखड्याचा तो बिचारा डिफरन्शियल हा मार सहन करू शकत नाही. कुणीतरी ही मोटर लावून गाडी मनसोक्त बडवली, दात गेले, मग वरून ग्रीस थापून ती ‘अपग्रेडेड’ म्हणून माझ्या गळ्यात मारली.

शॉकचं एका वाक्यात सांगतो. बाहेरून ॲल्युमिनियम, आत तेलाचा थेंब नाही.

चॅसिसचं बघून मात्र सगळ्यात जास्त वाईट वाटलं. जुन्या टामियांच्या बॅटरीचे खण गोल सेलच्या पॅकसाठी बनवलेले असतात. चौकोनी कोपऱ्यांची कडक कवचाची लिपो त्यात सहसा सरळ बसत नाही. गोल कडांची लिपो मिळते, किंवा सहा सेलची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी वापरायची, इतका सोपा उपाय आहे. इथे गरम पातं घेऊन उजवी आतली भिंत कापली होती. कड वितळून गाठी झालेल्या. भिंत कापल्यामुळे तिथला ताठरपणा गेला आणि पुढे बारीक तडा गेला. तो तडा फेविक्विकसारख्या गोंदाने चिकटवून वरून काळं मार्कर फिरवलेलं. चॅसिस काळाच, त्यामुळे फोटोत ते दिसतच नाही. उजेडात तिरकं धरलं तर तेवढाच पट्टा जांभळट चमकतो.

राहिली बॅटरी. तिच्याबद्दल तर बोललंच पाहिजे, कारण तिथे नुसते पैसे जात नाहीत, आग लागू शकते. कवचावर ५२०० एमएएच छापलेलं. हातात हलकी वाटली म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: १३८ ग्रॅम. दोन सेलची, ५००० च्या आसपासची कडक कवचाची खरी लिपो साधारण २५० ते ३०० ग्रॅम भरते. क्षमता म्हणजे आत तेवढा माल असावा लागतो, माल असेल तर वजन येणारच, लेबल काहीही लावा. चार्जरवर पूर्ण भरून मोजून रिकामी केली, आकडा दोन हजारालाही पोचला नाही. दोन सेलच्या व्होल्टेजमध्येही मोठा फरक होता. अशी बॅटरी २९,००० फेऱ्यांच्या मोटरला जोडून मूल अंगणात गाडी चालवतंय, हे डोळ्यांसमोर आणा. मी ती त्याच दिवशी घराबाहेर काढली.

फोन केला तर आधी “असं कसं होईल दादा” झालं. फोटो पाठवल्यावर सूर बदलला: “कुरियरवाल्यांनी आपटली असेल.” कुरियरवाले गिअरबॉक्समध्ये वाळू भरत नाहीत, असं मी सांगितलं. मग तो म्हणाला, जपानहून नवा गिअरबॉक्स आणि चॅसिस मागवून देतो, एक पैसा घेणार नाही. मला बरं वाटलं. थोड्या दिवसांनी एक पीडीएफ आली, वर राजमुद्रा, खाली शिक्का. पार्सल कस्टममध्ये अडकलंय, ६,४०० रुपये शुल्क भरा, आणि सोबत एका माणसाच्या नावाचा यूपीआय आयडी.

हा दुसरा फास पहिल्यापेक्षा हुशारीने टाकलेला आहे. बाहेरून खेळणी मागवण्यावरचं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के झालं. आपल्या छंदातल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, अंगवळणी पडलंय. त्यामुळे ‘कस्टमचे पैसे’ म्हटलं की खरंच वाटतं. पण कस्टम खातं कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे मागत नाही. टपालाने आलेल्या पार्सलचं शुल्क टपाल खातं पावतीसह घेतं, कुरियर कंपनी आपल्या अधिकृत बिलाने घेते. शिवाय केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या पत्रांवर २०१९ पासून डीआयएन क्रमांक असतो, तो मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून पत्र खरं की खोटं ते पाहता येतं. या पीडीएफवर तसा क्रमांकच नव्हता. मी पैसे भरले नाहीत. त्यावर तो चिडला, आणि नंतर त्याने मला ब्लॉक केलं.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्यावर जितक्या लवकर हा फोन होईल तितकी ते समोरच्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त. पोलिस ठाण्यात सुरुवातीला “वस्तू तर मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?” असंच ऐकावं लागलं. हे तुम्हालाही ऐकवलं जाईल, तेव्हा तयारीने जा. खोटं सांगून पैसे काढून घेणं ही फसवणूकच आहे, आपण ज्याला चारशेवीस म्हणत आलो ते आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येतं. माझ्या बाजूने उभं राहिलं ते सगळं कागदावर आणि पडद्यावर होतं: जाहिरातीचे स्क्रीनशॉट, त्याचा ‘मातीत चालवलेली नाही’ हा लिखित मेसेज, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, खोकं फोडल्यापासूनचा सलग व्हिडिओ, मोटरवरच्या दोन लेबलांचे फोटो आणि ती कस्टमची पीडीएफ. पीडीएफ दाखवल्यावर समोरच्या अधिकाऱ्यांचा सूर बदलला. तक्रार घेतली गेली. पैसे अजून आलेले नाहीत.

या छंदात नव्याने येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पुन्हा काढलेली गाडी बंद किटमध्येच घ्या आणि स्वतः बांधा. स्प्रूतून (भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीतून) भाग कापण्यात, ग्रीस लावण्यात, बॉडी आतून रंगवण्यात जो आनंद आहे तो बांधलेल्या गाडीत नाहीच. हॉर्नेटला फार अपग्रेड लागतही नाहीत, हे माझं ठाम मत. पहिल्यांदा बांधतानाच सगळीकडे बेअरिंग टाका, म्हणजे नंतर खोलायला नको. मोटर ५४० जातीचीच ठेवा. मागच्या उड्या थोड्या कमी करायच्या असतील तर चांगले ऑइल शॉक. बस. बांधलेली गाडी घ्यायचीच असेल तर गिअरबॉक्स उघडून समोर दाखवायला सांगा, बॅटरी काट्यावर ठेवायला सांगा, मोटर मागच्या बाजूने बघा. जो खरा हौशी आहे तो हे आनंदाने करतो. अशा लोकांकडून मी भाग घेतलेत आणि त्यांनी न विचारता खोटसुद्धा दाखवली आहे.

हे लिहायला घेतलं तेव्हा कोल्हापूरच्या एकांनी मला त्यांच्या गाडीचे फोटो पाठवले. तीच वितळलेली कड, तेच दुहेरी लेबल. आणि आता त्याच माणसाची नव्या नावाने नवी जाहिरात आली आहे. या वेळी ‘ओरिजिनल १९८४ विंटेज हॉर्नेट, डब्यासकट’, किंमत ४५,०००. मागे दिसणारी फरशी आणि टेबल तेच आहे. डब्याचे फोटो दिलेत, पण क्रमांक छापलेला कोपरा प्रत्येक फोटोत कापलाय. तिथे ५८०४५ असायला हवं. कुणी बोलणी करत असाल तर पैसे पाठवण्याआधी तो कोपरा आणि बॅटरी काढून चॅसिसच्या आतल्या उजव्या भिंतीचा फोटो मागा. आणि आधीच पैसे दिले असतील तर हे वाचणं सोडा, १९३० ला फोन लावा.