रसायनशास्त्राचा प्रयोगसंच : सहा महिने वापरल्यावर

सातवीतल्या मुलीसाठी रसायनशास्त्राचा प्रयोगसंच घेतला, त्याला आता अर्धं वर्ष होऊन गेलं. पेटी उघडल्या उघडल्या लिहिलेले अभिप्राय पुष्कळ सापडतात. नव्याची नवलाई ओसरल्यावर काय उरतं, ते इथे सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. लिटमस, मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा निळा क्षार), तुरटी, खायचा सोडा, फेनॉल्फ्थॅलीनची बाटली, परीक्षानळ्या, रेणूंच्या प्रतिकृतींसाठी रंगीत गोळे, असा नेहमीचाच ऐवज आहे. शिवाय 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा.

संचातली सगळ्यात कामाची वस्तू हा काटाच, आणि खोक्यावर नेमका त्याचाच फोटो नाही.

रंग बदलण्याचे प्रयोग पोरांना आवडतात, पण लवकर आटोपतात. फेनॉल्फ्थॅलीन साबणाच्या पाण्यात गुलाबी झालं, व्हिनेगर टाकल्यावर रंग गेला. दोन-चारदा पाहिलं की 'कळलं' म्हणून मुलं मोकळी. काट्याचं तसं नाही. तो प्रश्न उभे करतो.

पुस्तिकेत द्रव्य अक्षय्यतेच्या नियमासाठी (रासायनिक बदलात एकूण वजन घटत नाही की वाढत नाही) फुग्याचा प्रयोग आहे. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात सोडा, फुगा बाटलीच्या तोंडाला. वजन करा, सोडा आत पाडा, फुगा फुगला की पुन्हा वजन करा. 'वजन सारखेच भरेल.' नाही भरत! दोन ग्रॅम सोड्याला काटा साधारण अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्तच कमी दाखवतो. "बाबा, गॅस निसटलाय," मुलीचं ठाम मत. तोंडाला चिकटपट्टी गुंडाळून पाहिलं, आकडा जवळपास तोच. गॅस कुठेच गेलेला नव्हता. फुगा फुगला म्हणजे त्यानं तेवढी हवा बाजूला सारली. एक लिटर हवेचं वजन सुमारे 1.2 ग्रॅम, अर्ध्या लिटरच्या फुग्याला भोवतालची हवा तेवढ्या हिशेबानं वर उचलते आणि काटा हलका होतो. पुस्तिका लिहिणाऱ्यानं हा प्रयोग स्वतः करून पाहिला असेल, असं मला वाटत नाही.

यावर उपाय सोपा आहे. फसफसणाऱ्या पेयाची अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यायची (काचेची अजिबात नाही), तळाशी थोडं व्हिनेगर, आणि फक्त एक ग्रॅम सोडा पातळ कागदाच्या पुडीत. पुडी आत टाकून झाकण घट्ट लावायचं. बाटली कडक होते, फुगत नाही, आणि वजन जिथल्या तिथे राहतं. मग झाकण सैल केलं की फुस्स, आणि काटा तीन-चार दशांश ग्रॅम खाली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएनं 1774 साली बंद भांड्यात कथिल तापवून हेच तपासलं होतं. त्याच्याकडे भांडं उघडल्यावर हवा आत शिरली आणि वजन वाढलं. आपल्याकडे वायू बाहेर पडतो आणि घटतं. ही गोष्ट मी जेवताना सांगितली, तर मुलगी अर्ध्या जेवणातून उठून बाटली घेऊन आली.

पुस्तिकेबद्दलची माझी मुख्य तक्रार क्रमाची आहे. पहिल्याच पानावर अणू, इलेक्ट्रॉन, संयुजा (एक अणू किती बंध जोडू शकतो तो आकडा), प्रयोग नंतर. इंग्लिश शास्त्रज्ञ डाल्टननं 1808 साली अणुसिद्धांत ग्रंथात मांडला, तो वजनांच्या प्रमाणांवरून. मुलांनीही आधी वजनं करावीत, मिश्रणं वेगळी करावीत, बदल पाहावेत. आम्ही पुस्तिका मागून पुढे वाचली म्हणा ना, आणि ते बरं पडलं.

रंगीत गोळे चांगले आहेत. हायड्रोजनला एक भोक, ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन, कार्बनला चार. संयुजा बोटांनाच कळते. ऑक्सिजन खरंच लाल असतो का, हा प्रश्न येणार, तयार राहा. पण मीठ दाखवायला दोन गोळे जोडलेत, ते चूक. मिठात अशा सुट्या जोड्या नसतात. सोडियम आणि क्लोराइडचे आयन (विद्युतभार असलेले कण) एकाआड एक रचलेले असतात. हे पान मी सरळ गाळलं.

चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडला की ती दुधाळ होते, इथे पुस्तिका थांबते. तुम्ही थांबू नका. वायू सोडत राहिलात तर ती पुन्हा निवळते.

बाकी किरकोळ. संरक्षक चष्म्याचा पट्टा ढिला, त्याला गाठ मारावी लागते. लिटमसच्या डबीचं झाकण नीट बसत नाही, पट्ट्या दमट होतात. एक गोष्ट मात्र किरकोळ नाही: उरलेलं मोरचुदाचं द्रावण बेसिनमध्ये ओता, असं छापलंय. मोरचूद पोटात गेलं तर विषारी, आणि पाण्यातल्या जिवांना थोडंसंही घातक. आम्ही ते बाटलीत साठवतो आणि त्यात लोखंडी खिळे टाकतो. खिळ्यावर तांबं चढतं, निळा रंग फिका पडत जातो.

आता मुलीला त्या खिळ्याचं वजन करायचंय. एक ग्रॅम लोखंड विरघळलं तर 1.14 ग्रॅम तांबं बसतं, म्हणजे खिळा जड व्हायला हवा. पण एवढासा फरक या काट्यावर जेमतेम दिसेल, त्यामुळे 0.01 ग्रॅमचा काटा वेगळा मागवलाय.