गाडी बाजूला घ्या: ‘पोलीस सिम्युलेटर: पॅट्रोल ऑफिसर्स’ आठ महिने खेळल्यानंतर

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी, पोलीस बनून खेळायचा हा व्हिडिओ गेम मी गेले आठ महिने जवळपास रोज रात्री खेळतो आहे. २०२२ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला हा खेळ ब्राइटन नावाच्या काल्पनिक अमेरिकी शहरात घडतो, आणि त्यातल्या गाडी थांबवून होणाऱ्या तपासणीने मला सर्वांत जास्त गुंतवले.

मागे जाऊन दिवे लावायचे, गाडी कडेला लागली की उतरून ओळखपत्र मागायचे, त्याची मुदत पाहायची, नाव तपासायचे आणि संशयाला जागा असेल तरच दारूची चाचणी घ्यायची, हा क्रम अंगवळणी पडायला मला पंधरा दिवस लागले. सुरुवातीला उत्साहाच्या भरात मी दिसेल त्या गाडीची झडती घ्यायचो आणि वर्तनाचे गुण गमवायचो. कारणाशिवाय झडती नाही, ही शिस्त खेळाने लावली याचे मला मनापासून कौतुक वाटते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये असाच दंडक घातला: वाहतूक-तपासणीचे काम आटोपल्यावर, ठोस संशय नसताना, केवळ श्वानाकडून गाडी हुंगवण्यासाठी चालकाला रोखून धरता येत नाही.

उणीव जाणवते ती बोलण्यात. वाहतूक शाखेतून निवृत्त झालेले माझे मामा एकदा शेजारी बसून पाहत होते. मी थेट ओळखपत्राचा पर्याय निवडताच ते म्हणाले, “अरे, आधी त्याचे हात बघ की, मग कागद माग.” खेळात प्रश्न ठरावीक पर्यायांतून निवडावे लागतात आणि उत्तरे पुन्हा पुन्हा तीच येतात, घाबरलेला आणि खोटे बोलणारा यांतला फरक आवाजावरून ओळखण्याची संधीच मिळत नाही.

चालक गाडीतच बसून राहतो, हे मात्र अस्सल आहे. आपल्याकडे दाभोळकर कॉर्नरला अडवलेला माणूस आपणहून उतरतो आणि मोबाईलवर डिजिलॉकर उघडत साहेबांकडे चालत येतो. अमेरिकेत न सांगता उतरणे धोक्याचे समजले जाते, आणि चालकाला उतरायला सांगण्याचा अधिकार पोलिसांना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या निकालाने दिलेला आहे.

तिथले पोलीस आपली गाडी थांबवलेल्या गाडीमागे थोडी डावीकडे सरकवून लावतात, म्हणजे चालत जाताना रहदारीपासून आडोसा मिळतो. हे वाचल्यापासून खेळात मीही गाडी तशीच लावतो आणि खाली उतरण्याआधी मागून कोण येते आहे ते पाहून घेतो.