आठ महिने वापरलेला राउटर आणि ९४ चा आकडा

कस्टमर केअरने अकराव्यांदा 'रीस्टार्ट करून बघा' म्हटलं त्याच दिवशी हे लिहिलं असतं, तर या राउटरला एक तारा दिला असता. आज तसं करणं अन्यायाचं होईल.

पहिले पाच महिने तक्रारीला जागा नव्हती. शेवटच्या खोलीतही ५ गिगाहर्ट्झचं वायफाय नीट पोचतं, डबा तापत नाही. सहाव्या महिन्यात नेट मधूनच मंदावायला लागलं. कधी दिवसातून दोनदा, कधी तीन-तीन दिवस काहीच नाही. मीटिंगमध्ये समोरचा माणूस दोन-तीन सेकंद थिजायचा, मग पुन्हा बोलायला लागायचा.

मी आधी वायफायच्या मागे लागलो. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांत घुसत नाहीत, म्हणून तिन्ही आलटून पालटून लावले. ५ गिगाहर्ट्झवर ऑटो सेटिंग ५२ च्या पुढचे चॅनेल पकडायचं. तिथे रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावाच लागतो, म्हणून ३६ वर कायम केला. काडीचाही फरक पडला नाही. दोन आठवड्यांनी लॅपटॉप केबलने राउटरला जोडला आणि दोन पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) लावून ठेवले, एक राउटरला, एक ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. नेट अडलं तेव्हा राउटरचा पिंग १ मिलिसेकंदच होता, बाहेरचा मात्र टाइमआउट. वायफायचा काही संबंध नव्हता.

मग कंपनीशी भांडलो. टेक्निशियन आला, फायबरवर मीटर लावून म्हणाला, "सिग्नल −१९ आहे साहेब, −२७ पर्यंत चालतं. लाइन ठीक आहे." मला पटलं नाही, आवाज चढवला. तो बरोबर होता. त्याचं वाईट वाटतं.

उलगडा झाला तो वहीत लिहून ठेवलेल्या स्पीड टेस्टमुळे. प्लॅन ३०० एमबीपीएसचा. वाईट वेळचे आकडे: ९४, ९३, ९४, ९४. गर्दीमुळे वेग उतरला असता तर कधी ४०, कधी १७० दिसला असता. दर वेळी तोच आकडा म्हणजे मध्ये कुठेतरी दोन डब्यांमधली जोडणी, म्हणजे लिंक, १०० एमबीपीएसची आहे, कारण तिच्यावर प्रत्यक्षात साधारण एवढंच हाती लागतं.

दोष होता फायबरचा डबा आणि राउटर यांच्यामधल्या हातभर केबलचा. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. एखादी तार ढिली झाली की दोन्ही टोकं गुपचूप १०० वर उतरतात, आणि उतरताना लिंक काही सेकंद तुटते. मीटिंग थिजायची ती तेव्हा. रीस्टार्ट केलं की नव्याने जुळणी व्हायची, तेवढ्यापुरता संपर्क नीट असला तर पुन्हा ३००. त्यामुळे त्या सल्ल्याने गुण यायचा आणि खरं दुखणं झाकलं जायचं. प्लगची खिटी तुटलेली होती, कपाटाचं दार लावताना केबल ओढली जायची. नवी कॅट-६ केबल लावली, विषय संपला.

आता माझा खरा राग. या राउटरच्या वॅन पोर्टचा (बाहेरचं नेट जिथे जोडतात त्या खाचेचा) दिवा १००० लाही हिरवा आणि १०० लाही हिरवाच! साध्यासुध्या नेटवर्क स्विचमध्येही यासाठी बऱ्याचदा दोन रंग असतात. लिंक स्पीड बघायचा तर अ‍ॅडमिन पानावर चार मेन्यू खाली उतरावं लागतं, आणि लॉगमध्ये लिंक तुटल्याची नोंदच नाही. दिवा पिवळा झाला असता तर दोन महिने आणि अकरा फोन वाचले असते. निर्मात्यांना हे सविस्तर लिहून कळवलंय. 'नोंद घेतली आहे' एवढंच उत्तर आलं.

एका बाबतीत मात्र मत बदललं. केबलनंतरही रात्री फोनमधले फोटो बॅकअपला लागले की पिंग ६ वरून १८० वर जायचा, कारण अपलोडची रांग तुंबायची. इथे याच राउटरचं क्यूओएस, म्हणजे नेटची वाटणी आणि मर्यादा ठरवणारी सोय, कामी आलं. अपलोडची मर्यादा ३०० ऐवजी २७० ठेवली, आता पिंग २० च्या वर जात नाही. हे फीचर मी जाहिरातीपुरतंच समजत होतो.

चार तारे. पाचवा दिव्यासाठी कापलाय. रंग बदलता येत नसेल, तर १०० वर असताना दिवा लुकलुकता ठेवणारं अपडेट द्या, तोही देईन.