डाळिंब लावताय? गुटी घ्यावी की टिश्यू?

खड्डे घेऊन झाले, ठिबकची लाईन टाकून झाली, की सांगोला-आटपाडीपासून सटाणा-मालेगावपर्यंत डाळिंब लावणारा प्रत्येक जण याच प्रश्नावर अडतो. वाण जवळजवळ ठरलेलाच असतो, भगवा. रोप कोणतं, फांदीवरच मुळ्या फोडून केलेलं गुटीचं की प्रयोगशाळेत वाढवलेलं टिश्यू कल्चरचं, एवढंच उरतं.

आधी पैशाचं बोलून मोकळं होऊ. टिश्यूचं रोप गुटीपेक्षा महाग पडतं. 15 बाय 10 फुटांवर एकरी 290 रोपं बसतात. रोपामागे 25 रुपयांचा फरक धरला तरी एकरी 7,250 रुपये होतात. तेल्या, म्हणजे फळांवर तेलकट डाग पाडणारा जिवाणूचा रोग, आला की एवढे पैसे फवारणीत कधी गेले ते कळतही नाही. म्हणून निव्वळ स्वस्त म्हणून गुटी घेऊ नका. ती घ्यायची कारणं वेगळी आहेत.

गुटी बांधतात पावसाळ्यात. पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोलाकार काढायची, ओलं शेवाळ लावायचं, वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधायची. दीड-दोन महिन्यांत पांढऱ्या मुळ्या दिसल्या की फांदी कापून पिशवीत. काम सोपं, गावातल्या सवयीच्या हातांना जमणारं. पण दमट हवा आणि पाऊस तेल्यालाही तेवढेच मानवतात. तेल्याचा जिवाणू पावसाच्या थेंबाबरोबर उडतो, तसाच चाकूच्या पात्यावरूनही जातो. गुटी बांधणारा माणूस एकच चाकू घेऊन दिवसभर या झाडावरून त्या झाडावर फिरतो. आमची पहिली बाग अशाच गुट्यांची. रोपं हिरवीगार आली, दोन वर्षं दृष्ट लागण्यासारखी वाढली आणि पहिल्याच बहाराला फळांवर काळे तेलकट डाग पडून ती तडकली. रोपवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, तुमच्याकडची हवाच तशी. शेजारची बागही त्याच वर्षी गेली होती, त्यामुळे रोग रोपातून आला की बांधावरून, हे मला आजही छातीठोक सांगता येणार नाही.

टिश्यूचं रोप इथे नक्की उजवं. फांदीच्या शेंड्याचा बारीक तुकडा निर्जंतुक करून प्रयोगशाळेत बाटलीत वाढवतात, मग हरितगृहात आणि शेडनेटमध्ये सवय लावून आपल्याकडे पाठवतात. रोप स्वच्छ येतं आणि सगळा प्लॉट एकसारखा चालतो. छाटणी, पानगळ, पाणी तोडून दिलेला ताण सोडणं सगळ्या झाडांना एकाच वेळी जमतं. मजूर मिळत नाहीत अशा दिवसांत ही सोय फार मोठी.

पण टिश्यूला तेल्या लागतच नाही, असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून रोप घेऊ नका. वाण तोच, भगवा. अंगात प्रतिकारशक्ती वेगळी येत नाही. लोकांचा हा समज जळगावच्या केळीवरून झालाय. टिश्यूच्या ग्रँड नैन वाणाने तिकडे केळीचं चित्र पालटलं हे खरंच, पण केळीची बाग काढून पुन्हा ताजी रोपं लावता येतात. डाळिंब त्याच जागी दहा-बारा पावसाळे उभं राहतं. बांधापलीकडे तेलकट बाग असेल, तर रोपाची स्वच्छता पावसाळ्या-दोन पावसाळ्यांत संपते.

‘टिश्यूला सोटमूळ असतं’ हे तर मला कायम गमतीचं वाटतं. सोटमूळ बियाच्या रोपाला. टिश्यू आणि गुटी, दोन्हींच्या मुळ्या फांदीतूनच फुटलेल्या.

टिश्यूत आणखी एक धोका आहे. ज्या झाडाचा तुकडा घेतला तो मातृवृक्षच चुकीचा निवडला असेल, तर तीच चूक हजारो रोपांत उतरते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 मध्ये टिश्यू रोपांसाठी प्रमाणीकरणाची व्यवस्था सुरू केली. प्रयोगशाळा त्यात आहे का हे विचारा आणि बॅचचं लेबल मागा. ‘कंपनी मोठी आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

मी आज काय करीन? आजूबाजूला डाळिंब नसेल, जमीन नवी असेल, तर डोळे झाकून टिश्यू. चारी बाजूंना जुन्या बागा असतील, तर जादाचे पैसे आधी कात्री बुडवायच्या सोडियम हायपोक्लोराइटवर आणि वारा अडवणाऱ्या कुंपणावर घालीन आणि पावसाळ्यातला मृग बहार सोडून पाऊस सरतानाचा हस्त बहार धरीन. गुटी घेईन ती एकाच अटीवर: पाव्हण्यांची, भरपावसात स्वतः पाहिलेली स्वच्छ बाग हवी आणि गुट्या माझ्यासमोर, दर झाडाला चाकू बुडवून बांधलेल्या हव्यात.

झाड वाळवून टाकणाऱ्या मर रोगाचं मात्र दोन्हीकडे सारखंच. तिथे लक्ष पिशवीतल्या मातीवर ठेवा, कारण सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी, मातीतून येतात आणि त्यांनी केलेल्या जखमांतून मरीची बुरशी शिरते. रोपं आणायला जाताना बादली न्या. मधल्या रांगेतलं एखादं रोप विकत घेऊन तिथेच पिशवी फाडा, मुळ्या पाण्यात हळू धुवा आणि उन्हात धरून बघा. बारीक मण्यांसारख्या गाठी दिसल्या, तर रोप टिश्यूचं असो की गुटीचं, टेम्पो रिकामा परत न्या. पिशवी फाडू देत नसतील, तर चहा पिऊन निघा.