आर१५ ची फेअरिंग उतरवून घरीच स्ट्रीटफायटर केली: काय घेतलं, काय टिकलं, काय फेकून दिलं

गेल्या पावसाळ्यात खडकवासल्याहून घरी येताना रस्त्यावर डिझेल सांडलेलं होतं, मला दिसलंच नाही, आणि गाडी उजव्या कुशीवर वीसेक फूट घसरत गेली. जॅकेट, ग्लोव्ह्ज सगळं होतं म्हणून मी वाचले, गुडघा तेवढा सोलला. पण गाडीची उजवी फेअरिंग, म्हणजे बाजूचं प्लास्टिकचं कवच, अर्धी गेली, हेडलाइटचे कान तुटले आणि फेअरिंग धरून ठेवणारा समोरचा स्टे वाकला. गाडी म्हणजे यामाहा आर१५ व्हर्जन टू, २०१३ ची, सेकंड हँड घेतलेली आणि माझ्या कमाईतली पहिली मोठी वस्तू. फेअरिंगचे सगळे पॅनल, हेडलाइट, स्टे आणि लेबर मिळून मला जो आकडा सांगितला तो २३ हजारांच्या पुढे होता, आणि एवढं करून पुढच्या वेळी गाडी पडली की पुन्हा तेच.

तेव्हा बाबा म्हणाले, फ्रेम सरळ आहे, पुढचे शॉकअप सरळ आहेत, इंजिनला ओरखडा नाही, मग प्लास्टिकसाठी एवढे पैसे का घालायचे? बाबा पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झालेत, त्यांना फेअरिंगचं कधीच कौतुक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर स्ट्रीटफायटर जन्माला आली तीच अशी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पोरं सुझुकी जीएसएक्स-आर सारख्या रेसिंगच्या गाड्या घेऊन पडायची, नवीन फेअरिंग परवडायची नाही, मग ती न लावताच सरळ हँडल आणि साधे लाइट टाकून गाडी परत रस्त्यावर आणायची. ते रूप लोकांना इतकं आवडलं की १९९७ च्या ट्रायम्फ स्पीड ट्रिपलला कंपनीनेच फेअरिंग न देता समोर दोन उघडे गोल लाइट दिले. आपल्याकडे यामाहाने २०१९ ला एमटी-१५ आणली ती पण आर१५ व्हर्जन थ्रीचं इंजिन घेऊनच. म्हणजे माझ्या पार्किंगमध्ये जे करायचं होतं ते काही जगावेगळं नव्हतं.

आधी एक महत्त्वाचं. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आणि आरसीवरच्या नोंदीपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर एका बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून मी पहिल्या दिवशीच ठरवलं की फ्रेमवर ग्राइंडर फिरणार नाही, वेल्डिंग होणार नाही, इंजिन, सायलेन्सर, नंबर प्लेट, रंग कशालाही हात लावणार नाही. जे काढलं ते सगळं खोक्यात भरून माळ्यावर ठेवलंय, प्रत्येक बोल्ट छोट्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव. दोन दिवसांत गाडी होती तशी करता आली पाहिजे, फक्त तुटलेले पॅनल तेवढे आणावे लागतील. तुम्ही करणार असाल तर हे सगळं माहीत करून घेऊनच करा.

आता खरेदी. पहिली चूक इथेच झाली. ऑनलाइन एक 'युनिव्हर्सल स्ट्रीटफायटर किट' मिळालं, त्यात एलईडी हेडलाइट, शॉकअपला आवळायचे ब्रॅकेट, छोटे इंडिकेटर आणि हँडलच्या टोकाला लागणारे आरसे, सगळं मिळून ४,२०० रुपये. फोटोत एकदम भारी दिसत होतं. हातात आल्यावर बाबांनी ब्रॅकेट दोन बोटांत धरून दाबलं तर पत्रा वाकला. तरी मी लावलं, कारण घाई झाली होती. सिंगल सिलेंडर गाडीला व्हायब्रेशन असतंच, ३०० किलोमीटरच्या आत डावं ब्रॅकेट बोल्टच्या भोकापाशी चिरलं, आणि पहिल्या पावसात लाइटच्या काचेच्या आत पाणी. पण त्याहून वाईट म्हणजे त्याचा प्रकाश. भिंतीसमोर दहा पावलांवर गाडी उभी करून बघितलं तर लो बीमला वरची कडाच नाही, सगळीकडे नुसता पांढरा गोळा पसरलेला, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात आणि माझ्या रस्त्यावर काहीच नाही. सिंहगड रोडला एका आजोबांनी स्कूटर थांबवून डोळ्यावर हात धरला तेव्हा मला फार वाईट वाटलं. घरी येऊन त्याच रात्री काढला. ऑर्डर करताना रिटर्नचं आश्वासन होतं, बसवल्यावर रिटर्न नाही असं उत्तर आलं. पाचपैकी एक स्टार, तो पण आरशांना, ते अजून लावलेले आहेत आणि मागचं नीट दिसतं.

त्याच्या जागी पुण्यातल्या गाड्यांच्या पार्टच्या बाजारातून, नाना पेठेतून, बुलेटला येतो तसा सात इंची गोल हेडलाइट घेतला, काचेची लेन्स, आत एच४ हॅलोजन, ६०/५५ वॅट. नाना पेठेत ज्यांना जायचंय त्यांनी जुना पार्ट हातात घेऊनच जावं, तोंडी वर्णनाला काही अर्थ नाही, पार्ट काउंटरवर ठेवला की माणूस मागच्या रॅकमधून बरोबर काढून देतो. लाइटची वायर मी थेट मूळ स्विचमधून नेली नाही, बॅटरीवरून वेगळी लाइन काढली, रिले टाकला (म्हणजे लाइटचा करंट मूळ स्विचमधून जात नाही) आणि १० अँपिअरचा फ्यूज, कारण ६० वॅटला बारा व्होल्टवर पाचच अँपिअर लागतात, दहाचा फ्यूज पुरतो. फेअरिंगच्या आत लपणारे सगळे कपलर आता उघड्यावर येतात ही गोष्ट कोणी सांगत नाही, आणि नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळली तर उन्हाने चिकट होऊन सुटते. मी प्रत्येक जोड सोल्डर करून वरून हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवली आणि सगळा गुच्छ लाइटच्या डब्यात बसवला. गोल डब्याचा हा मोठा फायदा, वायरिंगला घर मिळतं. एलईडी इंडिकेटर लावल्यावर फटाफट लुकलुकायला लागले, कारण करंट कमी लागतो आणि जुन्या फ्लॅशरला वाटतं बल्ब गेलाय, तो फ्लॅशर बदलला की झालं.

आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले ते, हँडल.

आर१५ ला क्लिप-ऑन असतात, म्हणजे शॉकअपच्या नळ्यांना आवळलेले दोन वेगळे तुकडे. सरळ हँडल बसवायचं तर वरच्या टीवर, म्हणजे शॉकअपच्या दोन्ही नळ्या धरणाऱ्या आडव्या तुकड्यावर, क्लॅम्प लावायला जागा पाहिजे, आणि मूळ टी कास्टिंगची आहे, तिला तेवढं मटेरियलच नाही. दोन ठिकाणी मला सांगितलं की मूळ टीलाच भोकं पाडून देतो किंवा वर तुकडा वेल्ड करून देतो, संध्याकाळी घेऊन जा, आठशे रुपये. बाबांनी स्पष्ट नाही म्हणलं. कास्टिंगवर वेल्ड मारलं की शेजारचा भाग कमजोर होतो, आणि ब्रेक दाबताना तुमचं सगळं वजन त्या टीवर येतं. खड्ड्यात हँडल हातात आलं तर काय करणार?

मग भोसरीला बाबांच्या ओळखीचे एक लेथवाले काका आहेत, तिकडे गेलो. एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते, ते आम्ही विसरलो आणि पहिली फेरी फुकट गेली. दुसऱ्या दिवशी काकांनी टी हातात घेतली, पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, नुसती फिरवून बघत होते, मग व्हर्नियर काढून शॉकअपची नळी तीन जागी मोजली, वर, मधे, खाली. मी विचारलं, काका तीनदा का? तर म्हणाले, "पोरी, गाडी पडलीये ना तुझी. नळी गोल राहिलीये का ते आधी बघू, मग भोक पाडू."

टी बनवली ती २० मिलीमीटरच्या ६०६१ अॅल्युमिनियमच्या प्लेटमधून. सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे मधल्या दांड्याच्या भोकापासून शॉकअपच्या भोकांचं अंतर. ते वरच्या आणि खालच्या टीला अगदी सारखं पाहिजे, थोडं जरी इकडेतिकडे झालं तर दोन्ही नळ्या समांतर राहत नाहीत आणि शॉकअप वरखाली होताना अडकतात. शिवाय ते मूळ मापाचंच ठेवलं तर हँडल बदललं तरी चाकाची भूमिती बदलत नाही, वळणाचा स्वभाव तोच राहतो. काकांनी खालची टी पण काढून आणायला लावली, तिच्यावरून माप घेतलं, आणि शेवटचे दोन कट इतके बारीक घेतले की अॅल्युमिनियमचा भुगा नाही तर केसासारखे चकचकीत धागे निघत होते. भोकाला मागून चीर, चिरीला आडवा बोल्ट, म्हणजे नळी आवळली जाते. नळी तेल लावून वरून सोडली तर ती आपल्या वजनाने पडली नाही, अंगठ्याने दाबल्यावर गेली आणि कुठे हलली नाही. ते बघून बाबा आणि काका एकमेकांकडे बघून हसले, दोघांची नोकरीची वर्षं त्या एका क्षणात दिसली मला. चावीचा लॉक पण नवीन टीला खालून बसवून दिला, हँडल लॉक बरोबर लागतो. मटेरियल धरून ३,५०० रुपये आणि चार दिवस. पाचपैकी पाच. सहा असते तर सहा.

हँडल घेतलं २२ मिलीमीटरचं साधं, कमी उंचीचं, १,१०० रुपये. फॅन्सी रंगाचं घेऊ नका, मूळ स्विच आणि ग्रिप ज्यावर बसतात ते माप महत्त्वाचं. बसवल्यावर आधी दोन्हीकडे फुल लॉक करून, म्हणजे टोकापर्यंत फिरवून, बघायचं की हँडल टाकीला लागत नाही ना आणि बोटं मधे चेपत नाहीत ना. माझं डावीकडे लागत होतं, क्लॅम्प १० मिलीमीटर उचलल्यावर सुटलं.

ब्रेकची होज, म्हणजे ब्रेक ऑइलची नळी, मात्र कुणाचंही न ऐकता बदला. मूळ होज क्लिप-ऑनच्या मापाची असते, हँडल वर आणि मागे आलं की उजव्या लॉकला ती ताणली जाते. आमच्या गल्लीतला मेकॅनिक म्हणाला चालतंय की. गाडी पॅडॉक स्टँडवर घेऊन, पुढचं चाक उचलून, शॉकअप पूर्ण उघडे आणि हँडल फुल लॉक असं ठेवून मी सुतळीने माप घेतलं तर मूळ होज ९ सेंटीमीटर कमी पडत होती. म्हणजे उभ्या गाडीत चाललं असतं आणि खड्ड्यावरून उडाल्यावर ओढली गेली असती. त्या सुतळीच्या मापाने ब्रेडेड होज आणली, १,४०० रुपये, दोन्ही टोकांना तांब्याचे वॉशर नवीन, जुने परत वापरायचे नाहीत कारण ते एकदा दाबले गेले की तसेच राहतात. मग ब्लीडिंग, म्हणजे नळीतली हवा काढणं: लिव्हर दाबायचा, निपल उघडायचा, बंद करायचा, सोडायचा, बाबा लिव्हरवर आणि मी खाली पारदर्शक नळी बाटलीत धरून. पाऊण तास लागला. शेवटचा बुडबुडा गेला आणि लिव्हर एकदम दगडासारखा झाला. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलतं, टाकीवर ओलं फडकं टाकून ठेवा.

केबली मूळच्याच पुरल्या, फक्त वाट बदलली. त्याची परीक्षा सोपी आहे, गाडी चालू करून आयडलला सोडायची आणि हँडल दोन्हीकडे सावकाश फिरवायचं, आरपीएम जरा जरी वर गेले तर अॅक्सिलरेटरची केबल ओढली जातेय. माझे डावीकडे गेले होते. केबल एका स्टेच्या आतून घेतली आणि थांबलं.

रेडिएटर आता उघडा पडतो, त्याला जाळी लावली ६०० रुपयांची, ट्रकच्या मागे गेलात तर का ते कळेल. बाकी मीटरची पट्टी, हॉर्नची जागा, असल्या गोष्टी बाबांनी घरच्या पत्र्यातून केल्या.

आता चालवून कशी आहे. कात्रजच्या जुन्या घाटात पहिल्यांदा नेली तेव्हा दुसऱ्या वळणालाच कळलं की ही दुसरीच गाडी आहे. हँडल रुंद झालं म्हणून तरफ वाढली, वळवायला निम्मी ताकद. मनगटं दुखत नाहीत, लक्ष्मी रोडच्या गर्दीत मान वर राहते, यू-टर्न एका दमात होतो. पण अंगावरचं वजन मागे गेल्यामुळे पुढचं चाक हलकं लागतं, वळणातून बाहेर पडताना पहिल्यासारखं डोळे झाकून पुढच्या टायरवर भरवसा टाकता येत नाही. ८० च्या पुढे छातीवर वारा बसतो, ९५ ला हेल्मेट ओढलं जातं. जुन्या हायवेने लोणावळ्याला गेले तर येताना मान धरली होती. तुमचं चालवणं लांब पल्ल्याचं असेल तर फेअरिंग दुरुस्त करा, मी मनापासून सांगतेय. माझं रोजचं धायरी ते हिंजवडी आहे, मला ही सोन्यासारखी आहे.

वाया गेलेलं किट धरून एकूण खर्च १३ हजारांच्या आत. टीचे बोल्ट पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि मग ५०० नंतर टॉर्क रेंचने परत तपासले, एकही हलला नव्हता. प्रत्येक बोल्टवर बाबांनी पिवळ्या रंगाची रेघ मारून ठेवलीये, अर्धी बोल्टवर, अर्धी टीवर. रोज सकाळी चावी लावताना माझं लक्ष आधी त्या रेघांकडे जातं.